पत्र्याखाली उरलेला आवाज

“राम राम मंडळी. पुस्तक काढायचंय? मग आधी बसा. घाईनं भाकरी करपते, पुस्तक तर त्याहून लवकर करपतं.”

हा आवाज शालननं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ती सेलममधल्या एका चिंचोळ्या स्वयंपाकघरात चिंच कोळत होती. जाडसर आवाज, किंचित घोगरा. दमलेला बैल संध्याकाळी गोठ्यात बसतो, तसा प्रत्येक वाक्याच्या शेवटी हळूच खाली बसणारा. माहेरच्या बाजूचा आवाज. तिचे हात चिंचेच्या पाण्यात तसेच राहिले.

शालनचा नवरा जालिंदर साळुंखे गलाईवाला होता. विट्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली. सराफांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, त्यातलं हीण वेगळं करायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं. लग्नानंतर शालन त्याच्यामागोमाग तमिळ मुलखात गेली. जालिंदर सकाळी भट्टीवर जायचा, दिवेलागणीनंतर परतायचा. शेजारणी मायाळू होत्या, दारात उभं राहून गजरा द्यायच्या, पण त्यांच्या तोंडी ती ‘सेटम्मा’ होती. नवरा ‘अगं’ म्हणायचा. सासूबाई फोनवर ‘सूनबाई’ म्हणायच्या. शालन हे नाव तिच्या आधारकार्डावर होतं, आणखी कुठंच नव्हतं.

म्हणून ती फोनवर मराठी आवाज शोधायची. बातम्यांतली माणसं भांडायची. कीर्तनं बरी असायची. अशाच एका कीर्तनानंतर ॲपनं आपल्या मनानं पुढचं काही लावलं, आणि ‘पुस्तक काढायचंय?’ हा पॉडकास्ट तिच्या घरात आला. स्वतःचं पुस्तक स्वतः कसं छापावं, हे शिकवणारा.

पुढं तिनं त्या विषयावरचे सगळेच पॉडकास्ट शोधले. पुण्याच्या दोघी मैत्रिणी होत्या. कव्हर कसं असावं, जाहिरात कशी करावी, ई-पुस्तक कुठं ठेवावं, सगळं हसत-खिदळत सांगायच्या, पण त्यांचा वेग असा की शालनला पदर खोचून मागं पळावं लागायचं. नागपूरचे एक निवृत्त प्रकाशक हक्क आणि करार फार नीट उलगडायचे, पण ते बोलायला लागले की शालन नकळत पाठ ताठ करून बसायची. तिसरे होते पलूसचे नामदेव उबाळे. त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. पत्रिका मोबाईलवर गेल्या, मशीन भंगारात गेलं, आणि पत्र्याच्या त्या रिकाम्या खोलीत उबाळे माईक घेऊन बसले.

“कव्हरवर आपला फोटो टाकू नका. वाचक पुस्तक उघडायच्या आधीच मिटंल.” असं ते सांगायचे. “प्रूफ मित्राला देऊ नका, मित्र चुका माफ करतो. वैऱ्याला द्या.” आणि, “प्रस्तावना लांबली की समजायचं, लिहिणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं न्हाई.”

शालन एकटीच हसायची. कुकरची शिट्टी व्हायची, तरी हसायची.

एकदा जालिंदर दुपारीच घरी आला. बायको फोनपुढं मांडी घालून बसलेली, फोनमधून कुणी बाप्या कागदाच्या जाडीबद्दल बोलतोय.

“हे काय ऐकतीयास?”

“पुस्तक कसं काढायचं ते.”

“तुला काढायचंय?”

आता ‘नाही’ म्हटलं, तर ‘मग कशाला ऐकतेस’ हे आलं. त्याचं उत्तर तिच्याकडं होतं, पण ते ज्याला द्यायचं तोच भट्टीच्या धुरानं डोळे लाल करून दारात उभा होता. त्याचा सगळा जन्म त्या गावात रोवला जात होता.

“लिहितेय थोडंथोडं,” ती म्हणाली.

जालिंदरचा चेहरा असा उजळला की शालनला खाली बघावं लागलं. त्या दिवसापासून तो येईल त्याला सांगायला लागला, “आमच्या मंडळी पुस्तक लिहित्यात.” दुपारी तिला फोन करायचा झाला, तर आधी विचारायचा, “लिहीत न्हाईस ना?”

पुस्तक नव्हतं. एक ओळसुद्धा नव्हती. पण उबाळे म्हणायचे, “प्रश्न असतील तर बोलून पाठवा, नावगाव सांगा.” शालननं धीर करून प्रश्न पाठवला. पुढच्या भागात त्या खाली बसणाऱ्या आवाजात तिचं नाव सेलमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं: “सेलमहून शालनताई विचारतात…”

शालनताई.

तिनं तो तुकडा परत लावला. परत लावला. संध्याकाळी जालिंदरनं विचारलं, “आज काय विशेष? डोळे का चमकत्यात?” ती म्हणाली, “कांदा चिरला.”

मग प्रश्न थांबलेच नाहीत. आयएसबीएन कुठून घ्यावा, बांधणी शिलाईची की डिंकाची, मागणी येईल तशी एकेक प्रत छापणं परवडतं का. नसलेल्या पुस्तकासाठी तिनं सगळं विचारलं. नसलेल्या बाळाचं बारसं ती थाटात करत राहिली.

एकदा मात्र जीभ घसरली. कागद पिवळसर घ्यावा की पांढरा, एवढं विचारून झालं होतं. बटण बंद करायचं तेवढं उरलं होतं. पण बाहेर दुपार पसरली होती, कुठल्या तरी देवळात नादस्वरम वाजत होतं, आणि आईच्या मागं बसून शिकलेली चाल तिच्या गळ्यात आपसूक आली. सरळ सांगता येत नाही ते बाया ओवीत सांगतात. त्यांच्याकडची रीतच ती. ओवीत सांगितलेल्याचा जाब कुणी विचारत नाही.

गेले परमुलखाला, बोली न्हाई ओळखीची
कानाला भूक लागं माझ्या नावाच्या हाकेची

गाऊन झालं आणि बोट चुकून ‘पाठवा’वर पडलं.

पुढचा भाग येईपर्यंत ती दिवसातून दहादा फोन उघडून बघायची. त्यांच्या गावचे कितीतरी गलाईवाले उबाळ्यांना ऐकत. सासरी कळलं असतं, जालिंदरला कळलं असतं. भाग आला. तिचा प्रश्न वाजला, ओवी वाजली नाही. उबाळे “हं…” म्हणाले. मग, “तर कागदाचं असं आहे…” म्हणून पिवळसर कागदाचं गुणगान करू लागले. शालननं सुस्कारा सोडला. शेवटपर्यंत ऐकलंच नसेल त्यांनी. आणि सुस्कारा सोडल्यावर तिला रडू का आलं, हे तिचं तिला कळलं नाही.

वर्षं गेली. एक दिवस पॉडकास्ट थांबला.

*

दिवस पालटले. पेटीएवढं यंत्र सराफाच्या दुकानातच सोनं शुद्ध करून द्यायला लागलं, भट्ट्या विझल्या, गलाईवाले गावाकडं परतले. जालिंदर आणि शालनही विट्याजवळच्या आपल्या गावी आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

पॉडकास्टही पूर्वीचे राहिले नाहीत. यंत्र आता एकेका माणसासाठी वेगळा भाग तयार करतं. पाहिजे तो विषय, पाहिजे तो आवाज, आणि दर वाक्यागणिक आपलं नाव. ‘शालनजी, तुमच्यासाठी आज खास.’ फ्रिज नाव घेतो, पाण्याचा पंप नाव घेतो. कानावर नावाचा नुसता पाऊस. पण त्यातल्या एकाही हाकेमागं कुणी दम घेतलेला नसतो, कुणी वाट पाहिलेली नसते. शालन ते सगळे आवाज बंद ठेवायची. पुण्याहून येणाऱ्या सुनेला वाटायचं, सासूबाईंना यंत्र जमत नाही.

अशा एका सकाळी कोल्हापुरातून फोन आला.

“शालनताई साळुंखे का? मी ईशानी पोवार. आम्ही जुने मराठी पॉडकास्ट दुरुस्त करून जपतोय. नामदेव उबाळेंचे भाग सध्या माझ्याकडं आहेत. त्यात तुमच्याशी बोललेलं काही सापडलंय. कधी प्रसिद्ध न झालेलं.”

शालन ओट्याला टेकली. “उबाळे कसे आहेत?”

“ते गेले, ताई. तीन-चार वर्षं झाली. पण जाण्याआधी परवानगी देऊन गेलेत. एकच अट घातलीय. कापलेल्यातलं कुणाला उद्देशून काही सापडलं, तर आधी त्या माणसाला ऐकवा. तो म्हणेल तर ठेवा, नाही तर पुसून टाका.”

आवाज गेला होता, हे तिला आतून माहीतच असावं. तरी तिनं भिंतीकडं तोंड केलं.

जालिंदरनं अर्धंच ऐकलं आणि गावभर केलं. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेनं आमच्या मंडळींना बोलावलंय, लेखिका म्हणून. एवढ्यावर थांबला नाही. दसऱ्याला पुस्तकाचं प्रकाशन ठरवून मोकळा झाला. हॉल धरला, मांडववाल्याला सांगितलं, आमदारांच्या माणसाला गाठलं. “आता तुझी ती वही-बिही काढ बाहेर,” तो म्हणाला. “इतकी वर्षं लिहिलंयस. किती दिवस झाकून ठेवशील?”

शालन म्हणाली, “बघू.”

पुण्याला असलेल्या मुलाचाही फोन आला. “आई, बाबांनी मला पाहुण्यांची यादी पाठवलीय. खरंच करायचं का?” ती त्यालाही म्हणाली, “बघू.” दसरा जवळ येत होता, आणि त्या एका शब्दाचं कापड चारी बाजूंनी ओढून आता फाटायला आलं होतं.

*

कोल्हापूरला जाताना गाडी आपली आपण चालत होती, तरी जालिंदरचे हात स्टिअरिंगवर. “गाडीला वाटाय नको, मालक झोपलाय.” मांडीवर पेढ्यांचा पुडा.

ईशानी पोवार तिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं पेढा घेतला, दोघांना खुर्च्या दिल्या आणि जालिंदरकडं बघत समजावून सांगायला लागली, कारण तोच सारखं विचारत होता.

“काका, माणूस बोलायचा थांबला तरी खोली लगेच थांबत नाही. आवाज भिंतींवर आपटतो, फिरून येतो, हळूहळू विरतो. तो निनाद. घरात पडदे, गाद्या असतील तर पटकन मरतो. उबाळेंच्या खोलीत वर पत्रा, खाली सिमेंट, मध्ये काही नाही. त्यामुळं निनाद लांब.”

“म्हणजे घुमायचं.”

“फार घुमायचं. लोक सांगायचे, भिंतींना गोधड्या लावा. ते म्हणायचे, आवाज गोधडीत गुंडाळला की झोपतो.” ती हसली. “आता समजा, त्यांनी एक वाक्य म्हटलं आणि नंतर कापून टाकलं. वाक्य गेलं. पण त्याचा निनाद पुढच्या वाक्याखाली पसरलेला असतो. तो कात्रीत सापडत नाही. पूर्वी तो वेगळा काढता यायचा नाही. आता आमचा प्रोग्राम आधी त्यांचे सगळे भाग ऐकतो, आणि ती खोली कुठल्या आवाजाला कसं उत्तर देते ते शिकतो. खोलीचा स्वभाव कळला की उत्तरावरून मूळ प्रश्न काढता येतो. पूर्ण नाही. कापलेल्या वाक्याचे शेवटचे काही शब्द. त्याच्या आधीचं यंत्राला विचारलं तर ते अंदाज बांधेल, म्हणून आम्ही विचारत नाही.”

जालिंदरनं मांडीवर थाप मारली. “झारेकरी! अगं, झारेकरी हाय ही पोरगी!” मग ईशानीला म्हणाला, “सराफाच्या दुकानातली केर-धूळ न्हेऊन धुत्यात बघा, त्यात सोन्याचा कण असतो म्हणून. आमच्या भट्टीवर यायची ती माणसं. तसंच झालं की हे.”

“अगदी तसंच,” ईशानी म्हणाली. “फक्त धूळ कुणाची आहे ते विचारूनच धुवायची.”

मग ती शालनजवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, “ताई, तुमच्या एका प्रश्नाच्या वेळचं आहे. उबाळेंना फाइल जोडता यायची नाही, ते तुमचा प्रश्न फोनवर लावायचे आणि फोन माईकपुढं धरायचे. म्हणून तुमचा आवाजही त्या खोलीत घुमलाय. मोठ्यानं लावू, की कानाला लावून ऐकताय?”

जालिंदर पुढं सरकला होता. डोळे लहान मुलासारखे.

“कानाला,” शालन म्हणाली.

“असं का?” जालिंदर म्हणाला. “मलाबी ऐकू दे की. माझंच माणूस बोलतंय.”

“आधी मी ऐकते.”

ती असं कधी बोलत नसे. तो मागं टेकला.

ईशानीनं हेडफोन लावून दिला. आधी नुसतं पावसाळी पत्र्यासारखं काही. मग तिचा प्रश्न: पिवळसर की पांढरा. किती पोरसवदा आवाज, किती लांबून आल्यासारखा. मग उबाळेंचं “हं…” आणि त्या “हं”च्या खालून, विहिरीच्या तळातून वर यावं तसं:

…माझ्या नावाच्या हाकेची.

म्हणजे त्यांनी ऐकली होती. त्या रिकाम्या छापखान्यात, फोन माईकपुढं धरून, सबंध ओवी वाजू दिली होती. “हं” कागदाला नव्हतं.

पुढं पुन्हा तो पत्र्याचा आवाज. आणि “तर कागदाचं असं आहे” यातल्या “तर”च्या खाली उबाळे. तोच खाली बसणारा आवाज. तुटक, पण स्पष्ट:

…मला न्हवं ताई, मालकांना ऐकवा.

एवढंच. त्याच्या आधी ते काय म्हणाले, ते खोलीलाही राखता आलं नव्हतं.

शालननं हेडफोन काढला नाही. आवाज संपला होता तरी तशीच बसली. इतकी वर्षं त्या आवाजाला ती मनातल्या मनात बिलगून होती. परक्या दुपारी तो एकच माहेर होता. आणि तो आवाज त्याच दुपारी तिला घरी पाठवत होता, तिच्या स्वतःच्या घरी, जालिंदरकडं. साऱ्या मुलखानं ऐकू नये म्हणून त्यानं ते कापून टाकलं होतं. तिचंही, स्वतःचंही.

“ठेवू, की पुसू?” ईशानीनं विचारलं.

“दोन दिवस द्या. एका माणसाला विचारायचंय.”

“काय म्हणाले उबाळे?” जालिंदर उठला होता.

ती म्हणू शकली असती, कागद पिवळसर घ्या म्हणाले. जिभेवर आलंही होतं. “वाटेत सांगते,” ती म्हणाली.

*

तासगाव जवळ आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याची शेडं, हिरव्या जाळ्यांखाली थरावर थर रिकामे, द्राक्षांचा हंगाम कधीच सरलेला. साठवलेल्या बेदाण्यांचा आंबटगोड वास गाडीत शिरला. जालिंदरनं एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. दोघं बाकड्यावर बसले. ऊन कलतं होतं.

“हं, सांग आता. चांगलं म्हणाले ना? ते प्रकाशनात सांगायला पायजे. मी म्हणतो, पत्रिकेवरच छापू.”

“अवो, प्रकाशन नाही करायचं.”

“का?”

“पुस्तक नाही.”

तो हसला. “झालं न्हाई पुरं? होईल की. अजून—”

“लिहिलंच नाही मी काही. कधीच. एक पानसुद्धा नाही.”

चहावाल्यानं ग्लास ठेवले. जालिंदरनं ग्लासाकडं पाहिलं, उचलला नाही. त्याच्या कपाळावर भट्टीनं कायमचा ठेवलेला तांबूसपणा होता, तो आता गडद झाला.

“मी सगळ्या गलाईवाल्यांत सांगत हिंडलो,” तो हळू म्हणाला. “सेलमात, इरोडात. माझा भाऊ म्हणायचा, तुझी बायको शाळेत किती शिकली रं? मी त्याच्याशी भांडलो.”

“माहीत आहे.”

“मग दुपारभर काय करायचीस?”

“ऐकायचे. ते बोलायचे, मी ऐकायचे. प्रश्न विचारला की ते माझं नाव घ्यायचे, म्हणून विचारायचे. एकदा ओवी गेली त्यांच्याकडं, चुकून. ती त्यांनी कापली. तीच आज सापडली.”

“कसली ओवी?”

तिनं म्हणून दाखवली. गायली नाही, नुसती बोलली, एखादा पत्ता सांगावा तशी. जालिंदर ऐकत राहिला. मग पटकन, घरातली गळती थांबवायला धावावं तसा, म्हणाला, “मग हेच! ओव्याच छापू. अशा आणखी असतील ना? तू म्हण, सून टाईप करंल. दसऱ्याला अजून वेळ हाय—”

“नको.”

“अगं, चांगली हाय.”

“असू दे चांगली. पुन्हा ओवीत नाही सांगायचं मला. ओवीत सांगितलं की तुम्ही म्हणणार, छान आहे. आणि राहून जाणार.”

वारा आला. शेडवरची जाळी फुगली आणि खाली बसली. जालिंदरनं आता ग्लास उचलला, दोन्ही हातांत धरला आणि तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. भट्टीत मूस ठेवली की तो असाच बघायचा, आत काय निघणार ते अजून ठाऊक नसताना.

“सांग मग,” तो म्हणाला. “काय राहून गेलंय?”

शालननं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. चाल नाही, यमक नाही, मध्ये कुणाचा आवाज नाही.

“मला तिथं करमत नव्हतं,” ती म्हणाली. “एक दिवससुद्धा. तुम्ही होता, तरीही.”